एक्सएमपी लावल्यावर पीसी अधूनमधून कोसळतो: रॅमच्या टायमिंगचा गुंता सोडवताना

लक्षणं ओळखीची असतील. रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेली, खोक्यावरचा वेग देणारी तयार सेटिंग) चालू केलं, मशीन उठलं, तासभर टेस्टही पास झाली. चार दिवसांनी गेम मध्येच डेस्कटॉपवर फेकतो, ब्राउझरचा टॅब विनाकारण मरतो, मोठी झिप फाइल उघडताना सीआरसीची चूक येते. मग एक दिवस ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ म्हणत निळी स्क्रीन. एक्सएमपी बंद केलं की सगळं शांत, पुन्हा लावलं की काही दिवस बरं आणि मग तेच रडगाणं. टायमिंग हातानं घट्ट करणाऱ्यांचंही दुखणं हेच असतं, फक्त त्यांना ते लवकर गाठतं.

उदाहरणासाठी रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३६०० स्टिक धरू. टायमिंग १८-२२-२२-४२ (क्रमानं टीसीएल, टीआरसीडी, टीआरपी, टीआरएएस; अर्थ पुढे येतो), व्होल्टेज १.३५. डीडीआर५ आणि इंटेलमध्ये काय वेगळं आहे ते शेवटी येईल.

टायमिंगला हात लावण्याआधी

सगळा दोष टायमिंगवर टाकायची घाई नको. निळी स्क्रीन चार वेगळ्या जागांहून येऊ शकते: मुळातच सदोष स्टिक, प्रोसेसरमधलं इन्फिनिटी फॅब्रिक (त्याचे भाग एकमेकांना जोडणारी वाट), बोर्ड आणि स्टिक यांच्यातला सिग्नल, आणि सगळ्यात शेवटी चिपला न झेपणारं टायमिंग. उपाय चारही ठिकाणी निराळे आहेत, त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

पहिली पायरी: एक्सएमपी पूर्ण बंद करून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवा, चार पास पूर्ण होऊ द्या. इथे एक जरी चूक आली तर पुढचं वाचायची गरज नाही. स्टिक काढा, एकेक करून प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा आणि दोषी शोधा. ठरलेल्या साध्या वेगाला चुकणारी स्टिक टायमिंगनं सुधारत नाही, ती वॉरंटीत द्यायची. किट म्हणून घेतलेल्या स्टिक साधारणपणे जोडीनंच परत पाठवायला सांगतात, म्हणून खोकं आणि बिल जपून ठेवा.

दुसरी पायरी: फॅब्रिक. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिमवर जा आणि ‘व्हीआ-लॉगर’च्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) नोंदी पाहा. १९ क्रमांकाच्या, बस-इंटरकनेक्टचा उल्लेख असलेल्या नोंदी रांगेनं दिसत असतील तर दोष बहुतेक एफक्लॉकचा, म्हणजे फॅब्रिकच्या क्लॉकचा, आहे. ३६०० ची रॅम म्हणजे प्रत्यक्षात १८०० मेगाहर्ट्झचं क्लॉक. या वेगाला फॅब्रिकही १८०० वर १:१ चालतं, आणि तेवढं न झेपणारा एखादा प्रोसेसर निघतोच. खात्री करायची असेल तर दोघांना वेगळं करून तपासा. रॅम ३२०० वर आणा पण एफक्लॉक हातानं १८०० वर ठेवा. चुका तशाच राहिल्या तर फॅब्रिक. उलट रॅम ३६०० वर ठेवून एफक्लॉक १६०० केल्यावर चुका गेल्या, तरी निष्कर्ष तोच. उपाय म्हणून एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.०५ ते १.१ च्या दरम्यान निश्चित करा. तेवढ्यानं भागलं नाही तर रॅम ३४६६ आणि एफक्लॉक १७३३ असा जोड लावा. १:१ मोडून रॅम ३६०० वर ठेवणं हा तोट्याचा सौदा आहे, कारण मिळवलेला वेग दोन क्लॉकच्या ताळमेळात निघून जातो.

या दोन्ही चाळण्यांतून मशीन पार झालं तरच टायमिंगकडे वळा.

आकडे सायकलचे, मर्यादा नॅनोसेकंदांची

बहुतेक गोंधळ इथे होतो. १८-२२-२२-४२ हे वेळेचे आकडे नाहीत, क्लॉकच्या सायकली आहेत. चिपच्या आतल्या कपॅसिटरला आणि सेन्स अँप्लिफायरला सायकली कळत नाहीत, त्यांना ठरावीक नॅनोसेकंद लागतात. हिशोब सोपा आहे: टायमिंग गुणिले २०००, भागिले रॅमचा वेग. ३६०० ला एक सायकल ०.५५६ नॅनोसेकंदाची, म्हणून सीएल (म्हणजे टीसीएल) १८ म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. ३२०० ला सीएल १६ सुद्धा बरोबर १० नॅनोसेकंदच. म्हणजे ‘सीएल १६ वाली रॅम फास्ट’ हे दुकानातलं वाक्य वेग सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

वेग वाढवून आकडे तेच ठेवले की नकळत प्रत्येक टायमिंग घट्ट होतं. ३६०० ची रॅम ३८०० वर नेऊन १८-२२-२२ तसंच ठेवलं तर २२ सायकली १२.२ वरून ११.६ नॅनोसेकंदांवर येतात. ‘मी टायमिंगला हातच लावला नाही, तरी क्रॅश होतंय’ अशा तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

आता कोणता आकडा काय करतो. मेमरी ओळी आणि रकान्यांत मांडलेली असते. टीआरसीडी म्हणजे ओळ उघडण्याची आज्ञा दिल्यापासून तिच्यातला रकाना मागता येईपर्यंतचा वेळ. टीसीएल म्हणजे रकाना मागितल्यापासून डेटा बाहेर येईपर्यंतचा. टीआरपी म्हणजे उघडी ओळ बंद करून बँक दुसऱ्या ओळीसाठी तयार होण्याचा. टीआरएएस म्हणजे ओळ किमान किती वेळ उघडी ठेवायची ते, आणि टीआरसी हा एका ओळीच्या उघडण्यापासून त्याच बँकेतली पुढची ओळ उघडेपर्यंतचा पूर्ण फेरा. म्हणून टीआरसी म्हणजे टीआरएएस अधिक टीआरपी. आपल्या उदाहरणात ४२ अधिक २२, म्हणजे ६४. टीआरएएस हे टीआरसीडी आणि टीआरटीपी (वाचल्यापासून ओळ बंद करता येईपर्यंतचा वेळ) यांच्या बेरजेच्या खाली नेऊ नका. त्यातून फायदा काही मिळत नाही, चुका मात्र मिळतात.

व्होल्टेज वाढवलं की सगळंच घट्ट होतं हा समज खर्चिक आहे. टीसीएलला व्होल्टेज मानवतं, १.३५ चे १.४० केल्यावर १८ चे १६ होण्याची शक्यता चांगली असते. पण हायनिक्स आणि मायक्रॉनच्या बहुतेक डीडीआर४ चिपांत टीआरसीडी व्होल्टेजला फारशी दाद देत नाही, मायक्रॉनमध्ये टीआरएफसी (रिफ्रेशला लागणारा वेळ, पुढे येईल) सुद्धा नाही. तिथे चुका येत असताना व्होल्टेज चढवत राहिलात तर फक्त तापमान वाढतं, आणि त्या उष्णतेनं चुका आणखी वाढतात. सॅमसंगची जुनी ८ गिगाबिट बी-डाय (डाय म्हणजे चिपची आवृत्ती) अपवाद आहे, ती तिन्ही आकड्यांत व्होल्टेजला प्रतिसाद देते. ३६०० ला १६-१६-१६-३६ असं सपाट एक्सएमपी दिसलं तर ती बी-डायच समजा. १८-२२-२२ वाल्या किटमध्ये ती शोधत बसू नका. आत काय आहे ते थायफून बर्नर सांगतो. कोर्सेअरच्या स्टिकरवर छापलेला व्हर्जन नंबरही बोलका असतो: ३ नं सुरू होणारा मायक्रॉन, ४ नं सॅमसंग, ५ नं हायनिक्स. एकाच मॉडेल नंबरखाली वेगवेगळ्या चिपा विकल्या जातात, म्हणून दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलणं हा या दुखण्याचा सर्वांत मोठा स्रोत आहे.

एकदा पास झालेलं पुन्हा का बिघडतं

एक्सएमपी प्रोफाइलमध्ये मोजकीच टायमिंग्ज असतात. उरलेली दोन-अडीच डझन मूल्यं, म्हणजे दुय्यम टायमिंग्ज, टर्मिनेशनचे रेझिस्टन्स (सिग्नलचे पडसाद शोषणारे), ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (सिग्नल किती जोरानं पाठवायचा ते), ही ‘ऑटो’वर राहतात आणि बोर्ड स्वतः ठरवतो. त्यात प्रत्येक कोल्ड बूटला मेमरी ट्रेनिंग होतं: सिग्नल नेमका कधी वाचायचा हे बोर्ड पुन्हा मोजतो. सीमेवर चालणाऱ्या रॅममध्ये हे मोजमाप आज एक येतं, उद्या जरा वेगळं. परवा टेस्ट पास झालेलं मशीन आणि आज कोसळलेलं मशीन बायोसच्या पडद्यावर सारखं दिसलं तरी आतून ते सारखं नसतं.

आपल्याकडे अनेक घरांत रात्री भिंतीवरचं बटणच बंद करतात, त्यात लोडशेडिंग. म्हणजे सकाळचा बूट नेहमी पूर्ण थंड. रीस्टार्ट करून केलेली टेस्ट त्या बूटबद्दल फार कमी सांगते. म्हणून झेनटायमिंग्ज हे छोटं टूल उतरवा, पास झालेल्या दिवशीचा स्क्रीनशॉट ठेवा. मग बटण बंद करून दहा मिनिटांनी मशीन चालू करा आणि पुन्हा ताडून पाहा. टीपीएचवायआरडीएल हा ट्रेनिंगमध्ये ठरणारा, वाचनाच्या विलंबाचा आकडा एका चॅनलला २६ आणि दुसऱ्याला २८ असा बदललेला दिसू शकतो. प्रोकओडीटी (प्रोसेसरच्या बाजूचं टर्मिनेशन) किंवा एखादं दुय्यम टायमिंगही सरकलेलं असेल. जे सरकलं असेल ते ‘ऑटो’वरून काढून चांगल्या दिवशीच्या आकड्यावर हातानं पक्कं करा (टीपीएचवायआरडीएल हातानं लावता येत नाही, पण प्रोकओडीटी आणि दुय्यम टायमिंग्ज पक्की केली की तो बहुधा स्थिरावतो). एक्सएमपीपुरतंच दुखणं असेल तर बरेचदा काम इथेच संपतं.

आणखी एक फसवी जागा म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात शटडाउन करताना कर्नलची प्रत डिस्कवर ठेवली जाते. रॅमची चूक त्या प्रतीत गेली की टायमिंग दुरुस्त केल्यावरही पुढच्या बूटला निळी स्क्रीन येऊ शकते, आणि तुम्ही बरोबर आकड्यांना चूक ठरवता. टायमिंगचं काम चालू असेपर्यंत फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन दोन्ही बंद ठेवा.

आकडे बदलण्याचा क्रम

सुरुवात सैल करण्यापासून, घट्ट करण्यापासून नाही. एक्सएमपीवरच चुका येत असतील तर टीआरसीडी २२ चं २३ करा, टीआरएफसी ६३० च्या खाली असेल तर ६३० करा, गिअर डाउन मोड (आज्ञा निम्म्या वेगानं घेणारी सेटिंग) चालू ठेवा आणि रॅमचं व्होल्टेज १.३७ द्या. हे चार बदल एकत्र चालतील, कारण आधी मशीन स्थिर करणं हा हेतू आहे. स्थिर झालं की एकेक बदल मागे घेऊन खरा दोषी कोणता ते पाहा.

स्थिर पायावर उभं राहिल्यावर घट्ट करायचं असेल तर एका वेळी एकच गट हलवा. पहिला गट टीआरआरडी-एस, टीआरआरडी-एल आणि टीएफएडब्ल्यू, म्हणजे वेगवेगळ्या बँकांतल्या ओळी एकापाठोपाठ उघडण्यातली अंतरं. हे बहुधा बरेच सैल असतात. ६-८-२४ आणि मग ४-६-१६ असे दोन टप्पे घ्या. टीएफएडब्ल्यू हे टीआरआरडी-एसच्या चौपटीखाली नेण्यात अर्थ नाही, कारण चार ओळी उघडायला तेवढ्या सायकली तशाही जातात. दुसरा गट टीआरडीआरडी-एससीएल आणि टीडब्ल्यूआरडब्ल्यूआर-एससीएल, म्हणजे लागोपाठच्या दोन वाचनांतलं आणि दोन लिहिण्यांतलं अंतर. ऑटोवर ५ असतील तर ४ करा. बँडविड्थमध्ये खरा फरक इथे दिसतो आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तिसरा गट लिहिण्याचा: टीडब्ल्यूआर १६, टीआरटीपी ८, टीडब्ल्यूटीआर-एस ४, टीडब्ल्यूटीआर-एल १२. टीडब्ल्यूआर हे टीआरटीपीच्या दुप्पट ठेवण्याचा रिवाज पाळा.

मुख्य चौकडी यानंतर. १.४० व्होल्टला १६-२०-२०-४०, टीआरसी ६०, टीसीडब्ल्यूएल (लिहितानाचं टीसीएल) १६ इतपत या वर्गातल्या पुष्कळ स्टिक जातात, सगळ्याच जातील असं नाही. न गेल्यास आधी टीआरसीडी २१ आणि मग २२ करून पाहा, टीसीएल १६ वरच राहू द्या. गिअर डाउन मोड चालू असताना टीसीएल विषम देऊ नका: १५ लिहिलंत तरी प्रत्यक्षात १६ लागतं, आणि बढाई मारायच्या स्क्रीनशॉटमध्ये झेनटायमिंग्ज ते उघड करतं.

बूटच झालं नाही तर घाबरायचं कारण नाही. बोर्ड काही वेळा स्वतःहून बंद-चालू होतो आणि मूळ वेगावर परत येतो. नाही आला तर प्लग काढा, क्लिअर-सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ चा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

टीआरएफसी आणि मे महिना

डीरॅममधला प्रत्येक बिट गळत असतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी पुन्हा भराव्या लागतात. हे काम ८१९२ आज्ञांत वाटलेलं असतं, म्हणून दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश. हे अंतर म्हणजे टीआरईएफआय. प्रत्येक रिफ्रेशला लागणारा वेळ म्हणजे टीआरएफसी, आणि तेवढ्या काळात ती रँक (एकत्र चालणाऱ्या चिपांचा गट) दुसरं काही करत नाही. ८ गिगाबिट चिपला जेडेकनं (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) ३५० नॅनोसेकंद दिले आहेत. ३६०० ला ते ६३० सायकली होतात, आणि ३५० भागिले ७८०० म्हणजे सुमारे साडेचार टक्के वेळ रॅम गप्प बसलेली. त्यामुळेच टीआरएफसी कमी करण्याचा मोह होतो. ६३० वरून ५६० वर या, टेस्ट करा, मग वीस-वीसनं उतरा. बी-डाय ३०० च्या खालीही जाते, मायक्रॉन ई-डाय साधारण ५४० च्या आसपास अडते. टीआरएफसी-२ आणि टीआरएफसी-४ ऑटोवरच राहू द्या.

पण गळती तापमानाबरोबर वाढते. डिसेंबरात पुण्यात पास झालेली प्रोफाइल मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला, ३८ अंशांच्या खोलीत, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा स्टिकवर येत असताना पास होईलच असं नाही. घट्ट टीआरएफसीवरची बी-डाय तर ५० अंशांच्या आसपासच कुरकुरायला लागते. दुपारी क्रॅश आणि पहाटे ठणठणीत, किंवा गेम सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं क्रॅश, असा नमुना दिसला की टीआरएफसी चाळीस सायकलींनी सैल करा आणि व्होल्टेज ०.०२ नं उतरवा. शक्य असेल तर केसचा पुढचा एक पंखा रॅमच्या उंचीला आणा. स्टिकवर सेन्सर असेल तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान दिसतं. सगळ्या डीडीआर४ स्टिकवर तो नसतो.

टेस्ट कशी घ्यायची

विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक या कामासाठी कुचकामी आहे. प्रत्येक बदलानंतर टेस्टमेम५ अर्धा तास चालवा. शेवटच्या प्रोफाइलला टेस्टमेम५ चं ‘एक्स्ट्रीम’ कॉन्फिग पूर्ण किंवा कारहू रॅमटेस्ट रात्रभर लावा. त्यावर वाय-क्रंचर किंवा प्राइम९५ चं लार्ज एफएफटी तासभर. यांत मेमरी कंट्रोलरही तापतो, जो साध्या मेमरी टेस्टमध्ये थंडच राहतो. मग ग्राफिक्स कार्डावर लोड टाकून पुन्हा टेस्टमेम५. लिनक्सवाल्यांना स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट आहे. ‘फक्त एकच चूक आली’ ही सवलत नाही. एक चूक म्हणजे नापास.

चुका कधी येतात त्यावरूनही अंदाज बांधता येतो. पहिल्या काही सेकंदांतच भडिमार झाला तर टीआरसीडी, टीआरपी किंवा सिग्नल. चाळीस मिनिटांनी एखाद-दुसरी आली तर टीआरएफसी किंवा उष्णता. टेस्ट स्वच्छ, पण स्लीपमधून उठताना लटकतं, तर टर्मिनेशनची मूल्यं आणि एसओसी व्होल्टेज पाहा. दुरुस्ती झाल्यावर सिस्टिम फाइल चेकर एकदा चालवा, कारण अस्थिर रॅमवर झालेल्या विंडोज अपडेटनं फाइली बिघडवलेल्या असू शकतात.

चार स्टिक लावल्या असतील तर

आधीच्या किटसारखंच दुसरं किट आणून लावलं आणि क्रॅश सुरू झाले, ही तक्रार वेगळी वागवा. एक्सएमपीची हमी एका किटपुरती असते, दोन किटांच्या बेरजेची नाही. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीचे आकडे पाहा: दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँकना २९३३, चार ड्युअल रँकना २६६७. ३६०० वर चार स्टिक चालणं हा नशिबाचा भाग आहे. ३२०० वर या, गिअर डाउन चालू ठेवा, प्रोकओडीटी ४० ओहमच्या आसपास एकेक पायरी हलवून पाहा, आणि टीआरसीडी सगळ्यांत कमजोर स्टिकला झेपेल तेवढं ठेवा. खरेदी अजून व्हायची असेल तर १६ च्या दोन घ्या, ८ च्या चार नकोत. आणि ज्यांच्याकडे एकच स्टिक आहे त्यांनी टायमिंगचा विचारही करू नये. दुसरी स्टिक लावून ३२०० ला २५.६ ची बँडविड्थ ५१.२ जीबी प्रति सेकंद होते. ५६००जी सारख्या, आतलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या प्रोसेसरला तेवढा फायदा कुठलंच घट्ट टायमिंग देत नाही.

डीडीआर५ आणि इंटेल

एएम५ वर (रायझन ७००० चं सॉकेट) एक्सपोचा, म्हणजे एएमडीच्या एक्सएमपीचा, नेहमीचा जोड ६००० ला सीएल ३०, म्हणजे पुन्हा तेच १० नॅनोसेकंद. रायझन ७००० ला चार स्टिक लावल्या तर अधिकृत वेग ३६०० वर घसरतो, तेव्हा ती चूक इथे आणखी महाग आहे. पहिला बूट काही मिनिटं काळ्या पडद्यावर अडकतो. ते ट्रेनिंग असतं, मध्येच बटण दाबू नका. हा वेळ वाचवायला मेमरी कॉन्टेक्स्ट रीस्टोअर (आधीचं ट्रेनिंग पुन्हा वापरणारी सेटिंग) चालू केल्यावरच क्रॅश सुरू झाले असतील तर आधी ते बंद करून पाहा. एसओसी व्होल्टेज १.३ च्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी जळाल्यानंतर एएमडीनं बायोसमध्ये तीच कमाल मर्यादा घातली. इथे आणि इंटेलवर टीआरईएफआय वाढवता येतं, आणि त्याचा फायदा टीआरएफसीपेक्षाही मोठा असतो. पण तो आकडा थेट ६५५३५ वर नेल्यास रिफ्रेशमधलं अंतर कित्येक पटींनी वाढतं, म्हणून उन्हाळ्यात ३०-३२ हजारांवर थांबा. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर असतोच, तेव्हा अंदाजावर चालायचं कारण नाही. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये यातलं काहीच उघडं नसतं.

बायोस अपडेट केल्यावर साठवलेली प्रोफाइल सहसा पुसली जाते, आणि नव्या बायोसचे ‘ऑटो’ आकडे जुन्यांपेक्षा वेगळे असू शकतात. अपडेटआधी टायमिंगच्या प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, नंतर आकडे हातानं भरा आणि रात्रभराची टेस्ट नव्यानं लावा.